आईला चढता येईना अशी फोर बाय फोर, आठ महिन्यांनंतर

काल सर्व्हिस सेंटरवर तासभर भांडून आलो म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर गणपतीपासून लिहितो लिहितो म्हणत राहूनच गेलं होतं. गाडीचं आणि डीलरचं नाव मुद्दाम टाकत नाही, प्रकरण अजून मिटलेलं नाही. तीन दारं, डिझेल, मॅन्युअल, हार्ड टॉप, फोर बाय फोर (म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देता येते), रंग काळा. ज्याला कळायचं त्याला कळलं. बाकी आकडे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असतात. ९,४०० किलोमीटर झाले.

भांडण कशावरून, तर गाडीत चढायला दाराखाली लावलेल्या पायरीवरून. पुढच्या डाव्या चाकातून कट कट आवाज येतोय, स्पीड ब्रेकरवरून गेलं की हमखास. सर्व्हिसवाल्या पोराने गाडीखाली वाकून बघितलं, मोबाईलमध्ये पायरीचा फोटो काढला आणि म्हणाला, सर बाहेरचं फिटिंग आहे, वॉरंटीत बसणार नाही. अरे बाबा पायरी दाराखाली, आवाज पुढच्या चाकात! म्हणजे माझा दात दुखतोय आणि डॉक्टर म्हणतोय तुम्ही चप्पल बाहेरून घेतलीय. मॅनेजर मीटिंगमध्ये. त्यांचा मॅनेजर आठ महिन्यांत मला एकदाही मीटिंगच्या बाहेर दिसलेला नाही.

पायरीची गोष्ट पहिल्यापासून सांगतो, त्याशिवाय माझा राग कळणार नाही.

२७ ऑगस्टला गणेश चतुर्थीच्या मुहूर्तावर डिलिव्हरी घेतली. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवले, आणि आईला पुढच्या सीटवर बसवायचं म्हणून सेल्समनने आतून पटकन एक प्लास्टिकचं स्टूल आणलं. आई ७१ वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले. सेल्समनने इतक्या सहज स्टूल आणलं की मला वाटलं काय सर्व्हिस आहे बघा. आता कळतंय की दर डिलिव्हरीला आणत असणार. पस्तीस मिनिटं आम्ही फोटो काढत होतो, आणि घरी गेल्यावर ही बाई उतरणार कशी हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. घरासमोर मेव्हण्याने आणि मी धरून उतरवलं. शेजारच्या काकू गॅलरीतून बघत होत्या, म्हणाल्या बरं नाही का वो आईंना?

दुसरी जखम जीएसटीची. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जाहीर झालं होतं की दिवाळीपर्यंत कर कमी होणार. बायको म्हणाली थांबू की दोन महिने. मी म्हटलं आपल्यासारख्या मोठ्या इंजिनाच्या गाडीला कोण सूट देतंय, आणि मुहूर्त? २२ सप्टेंबरला, घटस्थापनेला, सेस (जीएसटीवरचा जादा उपकर) गेला आणि मोठ्या गाड्यांवर सरसकट ४० टक्के झाला, जो माझ्या पावतीवरच्या कर अधिक सेसपेक्षा कमी होता. २६ दिवस. फरक किती पडला ते लिहीत नाही कारण बायको हे वाचणार आहे, तिला मी निम्माच सांगितलाय.

आता गाडीबद्दल. इंजिन एक नंबर, खालून ताकद अशी की दुसऱ्या गिअरमध्ये आमच्या सोलापुरातल्या सात रस्त्याची गर्दी आरामात निघते. वरून दिसतं पण छान, रिक्षावाले जरा अंतर ठेवून असतात. मागची सीट पोरांपुरती. दुकानाचे टॉवेलचे गठ्ठे न्यायला निरुपयोगी, चार गठ्ठ्यांत डिकी संपते, त्या कामाला जुनी व्हॅनच. गावात साडेदहा, हायवेला तेरा-साडेतेराचं ॲव्हरेज. आणि सोलापुरात राहून काळा रंग घेऊ नका. आत्ता एप्रिलमध्येच दुपारी दुकानाबाहेर लावलेल्या गाडीचं हँडल धरवत नाही. एसी मात्र खरंच चांगला, केबिन लहान असल्याने पाच मिनिटांत गार होते.

डिझेलवाल्यांना एक सांगतो. माझं रोजचं जाणं-येणं जुळे सोलापूर ते नवी पेठ, इंजिन तापायच्या आत दुकान येतं. अशा वापरात एक्झॉस्टमधला डीपीएफ फिल्टर काजळीने भरतो. ती काजळी आतल्या आत जाळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो, आणि त्यासाठी गाडी सलग वीसेक मिनिटं तरी एका वेगात पळायला पाहिजे. ऑक्टोबरमध्ये डॅशबोर्डवर त्या फिल्टरची लाईट लागली तेव्हा मी घाबरलो होतो. आता दर दुसऱ्या मंगळवारी पहाटे आईला घेऊन तुळजापूरला जातो, देवीचं दर्शन आणि फिल्टरची सफाई एका डिझेलमध्ये. आईला वाटतं पोरगा देवभोळा झालाय. वाटू दे.

सप्टेंबरच्या शेवटी सीनेला जो पूर आला तो तुम्हाला आठवत असेलच, लांबोटीजवळ पुणे हायवेसुद्धा बंद होता. आमची सहा एकर मोहोळ तालुक्यात, मोटर पाण्यात गेल्याचा फोन आला होता. मित्र म्हणाले, तुझी तर फोर बाय फोर हाय बे, जा की, घाबरलालास काय. गेलो नाही. कंपनी जी पाण्याची खोली सांगते ती साचलेल्या पाण्यासाठी असते, वाहत्या पाण्यासाठी नाही. दोन फूट वाहतं पाणी असल्या गाडीलाही उचलतं, चाकं चार फिरोत नाहीतर दोन, ती जमिनीला टेकली तर उपयोग. मोटर जळाली, नवीन बसवली, मी जिवंत आहे.

नोव्हेंबरमध्ये हत्तरसंग कुडलला गेलो, भीमा-सीनेच्या संगमावर. आई मराठीची शिक्षिका होती, तिथल्या तुळईवरचा शके ९४० चा मराठी शिलालेख तिने आयुष्यभर पोरांना शिकवला पण डोळ्यांनी बघितला नव्हता. पार देवळाजवळ गाडी नेली, दार उघडलं, तर ती उतरेना. म्हणाली उतरेन रे, पण परत चढायचं कसं? एवढ्या लोकांसमोर तुम्ही मला पोत्यासारखं उचलणार. तुम्ही जाऊन या, मला फोटो दाखवा. मी शिलालेखाचा फोटो काढला, तिने तो गाडीत बसून झूम करून वाचला. त्या दिवशी ठरवलं, पायरी लावायची.

डीलरकडे ओरिजिनल पायरीचा भाव १४,५००. दोन लोखंडी पट्ट्यांचे! अक्कलकोट रोड एमआयडीसीत ओळखीचा एक फॅब्रिकेशनवाला आहे, तो म्हणाला टेन्शन घेऊ नका ओ अण्णा, ३,२०० मध्ये दोन्ही बाजू, पावडर कोटिंगसकट. वर एक शर्ट पीस दिला मी खुशीने. आईने पाय टाकला, हँडल धरलं, बसली. मी त्या दिवशी गाडीला दहापैकी दहा दिले असते.

डिसेंबरमध्ये शेतात गेलो. ज्यांची जमीन काळी आहे त्यांना सांगायला नको, पण पुण्या-मुंबईकडचे हे वाचत असतील तर ऐका. ही माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचांत अशी भरते की दोन फेऱ्यांत टायर गोटा होतो, नक्षी दिसतच नाही. मग फोर लो (चारही चाकांना ताकद, सगळ्यात हळू आणि जोरदार गिअर) टाका नाहीतर काही टाका, ताकद चाकापर्यंत येते पण पकड कशाची? त्यात आमची पाणंद, उसाच्या ट्रॉल्यांनी दोन्हीकडे गुडघाभर चाकोऱ्या पाडलेल्या आणि कुणाच्या तरी उसाचं पाणी फुटून वाटेवर आलेलं. चाकं चाकोरीत उतरली, मधला उंचवटा पोटाला लागला नाही, त्यासाठी क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाचं जमिनीपासूनचं अंतर, भरपूर आहे. पण उजवी पायरी चाकोरीच्या कडेत घुसली आणि गाडी थांबली. मागे घ्यायला गेलो तर आणखी रुतली. शेजारचे अण्णा ट्रॅक्टर घेऊन आले, आधी खाली उतरून सगळीकडून बघून घेतलं आणि विचारलं, मालक, गाडी हाय का कुळव?

घरी येऊन टेपने मोजलं. गाडीचा क्लिअरन्स २२० मिलिमीटरच्या आसपास, माझी पायरी त्याच्याखाली बरोबर चार इंच. म्हणजे लाखो रुपये जास्त देऊन घेतलेली उंची मी ३,२०० रुपयांत परत खाली आणली. वाकलेली बाजू दगडावर ठोकून सरळ केली, तरी केळासारखी दिसते. गाडीवरची माती वाळून सिमेंट झाली. आमच्याकडे नळाला पाच दिवसांनी पाणी येतं, त्यात गाडीवर पाईप मारला तर बायको मलाच बाहेर ठेवेल, म्हणून वॉशिंग सेंटरला ४०० रुपये वेगळे.

मेव्हण्याचा एक प्रताप पण सांगून टाकतो. त्या दिवशी शेतातून तो चालवत निघाला आणि फोर हायमध्येच, म्हणजे चारही चाकांना ताकद ठेवूनच, डांबरीला लागला. मोहोळच्या चौकात वळताना स्टिअरिंग जड, खालून कडकड, गाडी जशी कुणी मागून धरलीय. वळणात पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी, आणि असल्या गाड्यांत फोर बाय फोर टाकलं की दोन्ही ॲक्सल एकत्र बांधले जातात. चिखलात चाक घसरून फरक भरून काढतं, कोरड्या डांबरीवर घसरायला जागाच नाही, मग ताण सगळा गिअरवर. कोरड्या रस्त्यावर टू हाय (ताकद फक्त दोन चाकांना), एवढं कागदावर लिहून मी आता डॅशबोर्डला चिकटवलंय.

इथपर्यंत भांडणानंतर लगेच लिहिलं होतं आणि शेवटी गाडी घेऊ नका असं लिहिणार होतो.

अपडेट, चार दिवसांनी. सर्व्हिस सेंटरमधून फोन आला, या म्हणाले. या वेळी तो पोरगा नव्हता, एक वयस्कर मेकॅनिक माझ्याबरोबर होटगी रोडला ट्रायलला आले. पहिल्याच स्पीड ब्रेकरला म्हणाले, लिंक गेलीय. स्टॅबिलायझर बारची (वळणात गाडी कलू न देणाऱ्या दांडीची) लिंक, वीतभर दांडी आणि दोन टोकांना बॉल जॉइंट. वॉरंटीत बदलली, वीस मिनिटांचं काम. आवाज बंद. मग त्यांनी पायरीखाली टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाले, नशीब तुमच्या माणसाने चेसिसला ड्रिल मारलं नाही, आहे त्याच भोकांत बोल्ट बसवलेत, नाहीतर तिथून गंज धरला असता. ३,२०० वाल्याची अब्रू राहिली. बिल शून्य यायला पाहिजे होतं, तर वॉशिंगचे ४५० लावलेले. वॉशिंग नको म्हणून जॉब कार्डवर लिहिलं होतं मी. ते भरले, कारण त्या काकांकडे बघून भांडावंसं वाटेना. पण मेल केलाय.

तर मत बदललंय थोडं. गाडी चांगली आहे. वर्षातून चारदा लागणाऱ्या फोर बाय फोरसाठी रोजची चढउतार सोसायची तयारी असेल तर घ्या, आणि घेण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला टेस्ट ड्राइव्हला न्या. चालवायला नाही, चढवायला. येताना स्टूल मागू नका.

आमच्यापुरता प्रश्न आईनेच सोडवला. बाजारातून १८० रुपयांचं प्लास्टिकचं स्टूल आणलं, त्याच्या पायाला परकराची नाडी बांधली. स्टूलवर पाय ठेवून चढते, बसते, नाडी ओढून स्टूल आत घेते, दार लावते. परवाच्या मंगळवारी तुळजापूरच्या पार्किंगमध्ये दोन बायका थांबून बघत होत्या, त्यांतल्या एकीने नाडीची लांबी विचारून घेतली. मे महिन्यात परत कुडलला जायचं म्हणतेय, या वेळी आत जाऊन तुळई बघायचीय तिला.

पायऱ्या दोन्ही काढून ठेवल्यात. डावी एकदम सरळ आहे, उजवीचं वर लिहिलंच आहे. कुणाला हव्या असतील तर सांगा, जोडी चौदाशेला देतो, नेण्याचा खर्च तुमचा.