पन्नास मिलिमीटरची लेन्स की खिशातला फोन?

कॅननची ईएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम ही २०१५ साली आलेली लेन्स वजनाला जेमतेम १६० ग्रॅम आहे. कॅननच्या एपीएस-सी (म्हणजे प्रकाश टिपणारा सेन्सर लहान असलेल्या) कॅमेऱ्यावर ती ८० मिमीसारखी, म्हणजे दृश्य थोडे जवळ ओढून दाखवणारी, वागत असल्याने व्यक्तिचित्रासाठी अगदी नेमकी ठरते. फोनचा पोर्ट्रेट मोड पार्श्वभूमी गणिताने धूसर करतो, आणि त्या भरात आजीच्या कानामागून सुटलेली पांढरी बटही पुसून टाकतो (माझ्या फोनने हे दोनदा केले). लेन्समध्ये हीच धूसरता काचेतून, अंतरागणिक हळूहळू उतरत जाते. उणिवा आहेतच: ३५ सेंटिमीटरपेक्षा जवळचे काही टिपता येत नाही, हात हलला तर सावरणारी यंत्रणा नाही, आणि छोट्या खोलीत चार माणसे चौकटीत बसवायची तर पाठ भिंतीला टेकते. बारशाच्या गर्दीत मी अजूनही फोनच काढतो.