दहा बाय बाराच्या हॉलसाठी काय घ्यावं: अॅक्टिव्ह जोडी, छोटा अॅम्प की मोठा इंटिग्रेटेड?

आत्येभावाने परवा तीन स्क्रीनशॉट पाठवले आणि खाली एकच ओळ, "दादा, यातलं कुठलं घेऊ, बाबांच्या वाढदिवसाला द्यायचंय." आतोबा आता बहात्तरचे, इंदूरला सुदामा नगरात राहतात. हॉल दहा बाय बारा, खाली टाइल्स, एका भिंतीला दिवाण आणि समोर टीव्हीचं युनिट. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की ऐकायला बसतात, जास्त करून ख्याल, मग थोडं नाट्यसंगीत. कॉलेजात असताना ख्यालगायक अमीर खाँ साहेबांना समोर बसून ऐकलंय त्यांनी, त्यामुळे खाँसाहेबांच्या रेकॉर्डिंगबद्दल फार हळवे आहेत. असा प्रश्न मला बरेच जण विचारतात म्हणून भावाला फोनवर जे सांगितलं तेच इथे नीट लिहून काढतोय.

त्याचे तीन पर्याय असे. पहिला, एडिफायर आर1280डीबी, म्हणजे अॅम्प (स्पीकर वाजवायला ताकद देणारं यंत्र) आतच असलेली अॅक्टिव्ह जोडी, वायर लावली की सुरू. दुसरा, वॉर्फडेल डायमंड 12.1, म्हणजे आत अॅम्प नसलेले पॅसिव्ह स्पीकर, आणि सोबत हातावर मावेल एवढा क्लास-डी (कमी वीज खाणाऱ्या, न तापणाऱ्या बनावटीचा) अॅम्प, 24 व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा. तिसरा, तेच वॉर्फडेल पण सोबत यामाहा ए-एस301, चांगला जाडजूड इंटिग्रेटेड अॅम्प. पहिल्याला साधारण पंधरा हजारांच्या आसपास धरा, दुसऱ्याला त्याच्या दुप्पट-अडीचपट, आणि तिसऱ्याला साठच्या वर मन तयार ठेवा.

आता सगळ्यात आधी वॉटचं भूत उतरवू या. महाराणी रोडवर पूर्वी गेलं की दुकानदार सांगायचा, "भिया, पाँच हजार वॉट का है", आणि खोक्यावर पीएमपीओ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं. त्या फुगवलेल्या आकड्याला काही अर्थ नव्हता, बघायचा तो आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद. आणि घरात लागतात किती ते बघा. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी 86 डेसिबल असेल, म्हणजे एक वॉट दिला तर एक मीटरवर 86 डेसिबल आवाज, आणि तुम्ही अडीच मीटरवर दिवाणावर बसलात, तर रोजचं आरामात ऐकणं पाव वॉटच्या आसपास होतं. हो, पाव. तबल्याची जोरात थाप किंवा तानेचा उसळता सूर सरासरीच्या वीस डेसिबल वर गेला असं धरलं तरी 15 ते 25 वॉटमध्ये काम भागतं. म्हणून शंभर वॉट आणि साठ वॉट यावर रात्र घालवू नका. दुप्पट वॉट म्हणजे फक्त 3 डेसिबल जास्त, आणि कानाला "दुप्पट मोठा" वाटायला दहापट वॉट लागतात.

उलट स्पीकरमधल्या सेन्सिटिव्हिटीचा फरक खिशाला लगेच कळतो. बाजारातले आणखी दोन स्पीकर सोबत धरून बघा, केईएफ क्यू150 कागदावर 86, वॉर्फडेल 88, क्लिप्श आर-51एम 93. 86 वरून 93 वर जाणं म्हणजे अॅम्पची ताकद पाचपट केल्यासारखं झालं, फुकटात. मग क्लिप्शच का नाही? मला विचाराल तर आतोबांच्या हॉलसाठी नाही. त्याचा हॉर्नचा ट्वीटर (वरचे सूर काढणारा, भोंग्यात बसवलेला छोटा स्पीकर) टाइल्सच्या उघड्या खोलीत तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेची झणझण, फार पुढे आणतो, पाच मिनिटं छान वाटतं आणि तासाभराने कान थकतो. ज्याला जाड पडदे, गालिचा असलेल्या खोलीत सिनेमे बघायचेत त्याने मात्र जरूर ऐकावा.

खर्जाचं, म्हणजे खालच्या सुरांचं बोलू, कारण ख्याल ऐकणाऱ्याचं सगळं तिथे अडतं. गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा मधला सा साधारण 139 हर्ट्झचा, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या अर्ध्यावर, 69 हर्ट्झ. एडिफायरचा वूफर, म्हणजे खालचे सूर काढणारा मोठा कोन, चार इंची आहे आणि एवढा छोटा कोन साधारण सत्तरच्या खाली हात आखडता घेतो. मग खर्ज ऐकूच येणार नाही का? येतो. तानपुऱ्याच्या तारेत मूळ कंपनापेक्षा वरचे स्वयंभू स्वर जोरात असतात आणि आपला कान त्यांच्यावरून खालचा सा भरून काढतो. पण भरून काढलेला आणि छातीशी जाणवणारा यात फरक आहे, आणि विलंबित झूमरा तालात बायाँ, म्हणजे तबल्याचा डग्गा, घुमतो तिथे तो लगेच कळतो. आमच्याकडे मी चार इंची आणि पाच इंची जोडी शेजारी-शेजारी ठेवून एकच आलाप लावला होता, डोळे मिटून. छोट्या जोडीवर गायकाचा आवाज गळ्यातून येतोय असं वाटत होतं, मोठीवर छातीतून. शब्द दोन्हीकडे तितकेच स्पष्ट, सूर तेच, फक्त माणूस थोडा बारीक झाल्यासारखा. मंद्रात रमणाऱ्या गायकासाठी हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, नाट्यगीतासाठी फारसा नाही.

पण म्हणून पहिला पर्याय मोडीत काढू नका. त्याची सोय मोठी आहे, एक रिमोट, ब्लूटूथ, टीव्हीचं ऑप्टिकल थेट लागतं आणि आत्याला पण चालवता येतं, हे मी शंभर टक्के महत्त्वाचं मानतो कारण चार बटणं दाबून सुरू होणारी सिस्टिम घरात दोन महिन्यांनी बंदच पडून असते. शिवाय अॅम्प आणि स्पीकर कंपनीनेच जुळवलेले, मॅचिंगची डोकेदुखी नाही. लहान खोली, टेबलावर ठेवून जवळून ऐकणं, भाड्याचं घर, असं असेल तर डोळे मिटून घ्या. कमी आहे ती एवढीच की अॅम्पचं बोर्ड एका स्पीकरच्या पोटात आहे, ते गेलं की दोन्ही मुके, आणि उद्या नुसता अॅम्प किंवा नुसते स्पीकर बदलू म्हटलं तर जमत नाही. पॅसिव्ह स्पीकरमध्ये बिघडण्यासारखं फार कमी असतं, रबरी सराउंड असेल तर वीस-पंचवीस वर्षं आरामात जातात.

दुसऱ्या पर्यायात खरी गंमत आहे आणि खरी फसगत पण. या छोट्या अॅम्पमध्ये बहुतेक वेळा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए3116 ही चिप असते, चांगली चिप आहे. खोक्यावर लिहिलेलं असतं 100 वॉट गुणिले 2. आता गणित करा, 24 व्होल्टच्या सप्लायवर 8 ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो रोध) स्पीकरला फार तर 30-35 वॉट मिळू शकतात, त्यापुढे व्होल्टेजच नाही. आणि विकणाऱ्याने सोबत 12 व्होल्टचा अडॅप्टर दिला तर तोच अॅम्प जेमतेम 8-9 वॉटवर येतो. म्हणून अडॅप्टरवरचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, 24 व्होल्ट आणि निदान 4-5 अॅम्पिअर पाहिजे. वर केलेल्या हिशोबाने 30 वॉट आतोबांच्या हॉलला पुरून उरतात, त्यामुळे ताकदीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती वेगळी, या स्वस्त क्लास-डी अॅम्पच्या शेवटी एक फिल्टर असतो तो ठराविक ओहम धरून बनवलेला असतो, स्पीकर बदलला की वरच्या पट्टीतला आवाज थोडा उजळ किंवा थोडा मंद होतो. म्हणजे मित्राकडे गोड वाजणारा अॅम्प तुमच्या स्पीकरवर तसाच वाजेल याची खात्री नाही, घरी आणून ऐकावंच लागतं. फायदा असा की हे तापत नाहीत, मे महिन्यात इंदूर बेचाळीसवर गेलं तरी बंद कपाटात सोडून बाकी कुठेही ठेवा, आणि वीज पण नगण्य खातात.

यामाहा हा क्लास-एबी, म्हणजे जुन्या, थोड्या तापणाऱ्या चालीचा, आत मोठा ट्रान्सफॉर्मर, 8 ओहमला 60-60 वॉट. तो कोमट राहतो आणि वर चार बोटं मोकळी हवा मागतो, त्यावर क्रोशाचा रुमाल घालून देव्हाऱ्यासारखं सजवू नका, कृपा करून. अजून एक, घरी जुना स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टर असेल तर लाइट गेल्यावर असा ट्रान्सफॉर्मर गुंगुं करतो, अडॅप्टरवाला छोटा अॅम्प सहसा करत नाही. बदल्यात काय मिळतं तर ओहम वरखाली झाले तरी न डगमगणारा आवाज, ऑप्टिकल, सबवूफरचं आउट, खरे टोन कंट्रोल आणि फोनो इनपुट, म्हणजे रेकॉर्ड प्लेयर जोडायची जागा. या शेवटच्यावर मी परत येतो.

ओहमचं थोडं सांगायलाच पाहिजे कारण मी स्वतः यात मार खाल्लाय. स्पीकरवर 8 लिहिलेलं असतं ते नावापुरतं, प्रत्येक सुराला तो आकडा बदलतो, केईएफ क्यू150 चं उदाहरण घ्या, 8 चा म्हणतात पण सगळ्यात खाली 3.7 पर्यंत जातो. अॅम्पच्या मागे कमीत कमी किती ओहम चालतील ते छापलेलं असतं, आणि ए व बी अशा दोन जोड्या एकत्र वाजवायच्या असतील तर त्याचा आकडा वेगळा असतो. काही वर्षांपूर्वी कॉलनीच्या गणपतीत मी घरचा अॅम्प नेला आणि 6 ओहमच्या दोन जोड्या ए-बी दोन्हीवर लावल्या, समांतर जोडल्यावर झाले 3 ओहम, अॅम्पला हवे होते निदान 4. आरती सुरू झाली, टाळ्या वाढल्या तसा आवाज वाढवला आणि सुखकर्तामध्येच टक, प्रोटेक्शन, म्हणजे अॅम्पने स्वतःला वाचवायला आवाज बंद केला. परत सुरू केला, परत टक. शेवटी अख्ख्या कॉलनीने तोंडीच आरती म्हटली. अॅम्प वाचला कारण प्रोटेक्शन होतं, स्वस्तातल्या बऱ्याच अॅम्पमध्ये ते नावालाच असतं.

होम थिएटरचा पाच-सात चॅनलचा रिसीव्हर घ्यावा का असंही भावाने मधेच विचारलं. दोनच स्पीकरवर गाणं ऐकायचं असेल तर नको, तेवढेच पैसे तिथे सात वाटांनी विभागले जातात. साउंडबार तर नाहीच, डावं-उजवं अंतरच मिळत नाही.

वायर. ऑक्सिजन-फ्री, चांदीचा मुलामा वगैरेवर एक रुपया जास्त घालू नका. महाराणी रोडवरून दीड किंवा अडीच स्क्वेअर एमएमची शुद्ध तांब्याची दोन कोअरची वायर आणा, पाच मीटरच्या लांबीला दीड एमएममध्ये जाऊन-येऊन 0.12 ओहमपेक्षा कमी रोध होतो, 8 ओहमपुढे काहीच नाही. फक्त तार खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर ते तांबं चढवलेलं अॅल्युमिनियम आहे. आणि लाल-काळं दोन्हीकडे सारखं लावा. आमच्याकडे एकदा एका स्पीकरला उलटं लागलं होतं आणि आठ दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही, बाबा तेवढे रोज म्हणायचे, "अरे, बुवा नेमके कुठे बसलेत तेच कळत नाही." खर्ज पातळ झाला होता आणि आवाज मधोमध न येता खोलीभर पसरला होता. वायर सुलट केली, बाबांनी मान वर केली आणि दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये बोट दाखवलं.

आतोबांच्या खोलीत स्पीकर टीव्ही युनिटच्या कप्प्यात कोंबू नका, कुठलेही घेतले तरी. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, दोघांत जेवढं अंतर साधारण तेवढंच दिवाणापर्यंत, आणि मागे पोर्ट (हवा बाहेर सोडणारं भोक) असेल तर भिंतीपासून निदान फूटभर पुढे. तेवढी जागा नसेल तर पुढे पोर्ट असलेला एलॅक डेब्यू बी6.2 बघा, साडेसहा इंची आहे. फक्त तो 6 ओहम, 87 डेसिबलचा, त्याला छोट्या अॅम्पपेक्षा यामाहा बरा. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये 56 हर्ट्झचा सूर अडकून फुगतो आणि बारा फुटांत 47 चा, म्हणून दिवाण अगदी भिंतीला चिकटलेला असेल तर वीतभर पुढे ओढा, बायाँचा गोंगाट कमी होऊन ठेका मोकळा होईल. खाली एक जाड सतरंजी घाला. दोन हजारांच्या सतरंजीने जेवढा फरक पडेल तेवढा वीस हजारांच्या अॅम्पने पडेलच असं नाही.

ऐकून ठरवताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या, फोनवरच्या मीटरने चालेल, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो आणि दुकानात नेमकं तेच होतं.

माझा कल सांगायचा तर पहिल्यापासून दुसऱ्याकडे होता, वॉर्फडेल आणि छोटा अॅम्प, कारण पैसा स्पीकरमध्ये जातो आणि अॅम्प कधीही बदलता येतो. पण बोलता बोलता भाऊ म्हणाला, बाबांच्या लोखंडी पेटीत साठेक रेकॉर्ड्स आहेत. रेकॉर्ड प्लेयरचं कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते तो भाग, मॅग्नेटिक असेल तर मिलिव्होल्टमध्ये सिग्नल देतं, चार-पाच फक्त, आणि रेकॉर्डवर खर्ज दाबून कापलेला असतो तो परत उचलायला फोनो इनपुट लागतो. एडिफायरमध्ये तो नाही, छोट्या अॅम्पमध्ये नाही, यामाहात आहे. वेगळा फोनो प्रीअॅम्प घेता येतो पण मग अजून एक डबा, अजून एक अॅडॅप्टर, आणि आतोबांना अजून एक बटण. मी विचारलं, प्लेयर चालू आहे का? तो म्हणाला मोटर फिरते, सुई गेलीय. मग त्याला सांगितलं, आधी कार्ट्रिजवरचा नंबर वाचून पाठव. सुई मिळत असेल तर वॉर्फडेल आणि यामाहा घे, नसेल मिळत तर छोटा अॅम्प पुरे आणि उरलेल्या पैशातून स्टँड आण.