भुजंगनाथाला हसलो, पण कांचनभटाचं काय?

रविवारी आमच्या गावातल्या हौशी मंडळाचा 'संगीत शारदा' पाहिला. तिकीट दीडशे, जागा तबल्याच्या अगदी शेजारी. मी बावीस वर्षं वधूवर सूचक मंडळ चालवलं, म्हणून हे नाटक मला जरा जास्तच झोंबतं, हे आधीच सांगून टाकते.

गोविंद बल्लाळ देवलांचं हे १८९९चं नाटक. पाऊणशे वयमानाचा श्रीमंत भुजंगनाथ नवरा आणि पैशांसाठी पोटची पोर त्याच्या पदरात टाकायला निघालेला बाप कांचनभट. नावातच सोनं!

परवा भुजंगनाथाने हशा भरपूर वसूल केला. कवळी काय सावरली, मिशांवरून बोट काय फिरवलं! 'म्हातारा इतुका'ला मागच्या रांगा गात होत्या, त्यातले निम्मे सत्तरीच्या पुढचे. कांचनभट मात्र पहिल्यापासून ओरडत सुटला आणि तिथे प्रयोग घसरला. लोभी बाप असा ओरडत नाही हो. माझ्यासमोर बसून 'मुलीचं कल्याणच बघतोय' म्हणणाऱ्यांचा आवाज कधी चढला नाही. स्थळाचा कागद बायकोला दाखवताना वयाच्या रकान्यावर अंगठा तेवढा असायचा.

भद्रेश्वर दीक्षित करणाऱ्या पोराला पैकीच्या पैकी. लग्न जुळवून देणारा हा मध्यस्थ. पैसे कनवटीला लावताना त्याने क्षणभर प्रेक्षकांकडे बघितलं, आणि मी उगाच पर्समध्ये चष्मा शोधायला लागले. नोंदणी फीपेक्षा 'जमल्यावर बघू'चं पाकीट आमच्याकडेही जाडच असायचं.

शारदेने 'मूर्तिमंत भीती उभी' सावकाश, शब्द न गिळता म्हटलं. पेटीने पट्टी जरा उंच दिली होती, तरी पोरगी डगमगली नाही.

आणि ते लग्न मोडतं कशावरून? वयावरून नाही, पैशावरूनही नाही. नवरानवरीचं गोत्र एक निघतं म्हणून! मुलगी विकलेली खपते, सगोत्र खपत नाही. देवलांचा खरा चिमटा इथेच आहे, पण मंडळींनी तो प्रसंग गाडी चुकेल अशा घाईत उरकला.

निवेदकांसाठी एक: १९२९च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला 'शारदा कायदा' हे नाव मिळालं ते तो मांडणाऱ्या हरबिलास सारडांवरून, आपल्या शारदेवरून नव्हे.

पुढच्या प्रयोगात कांचनभटाला आवाज खाली घ्यायला सांगा. मी दीडशे रुपये देऊन परत येईन.