नाताळची सुट्टी तंबूत: क्रूगर की कलहारी?

नाताळात आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या बहुतेक जंगलांत पावसाळा असतो, हे आधी ध्यानात घ्या. सफारीची जी छायाचित्रं आपण एरवी बघतो, वाळकं पिवळं गवत आणि पाणवठ्यावर दाटीने उभे हत्ती-झेब्रे, ती जून ते ऑक्टोबरमधली असतात. डिसेंबरात गवत वाढलेलं, झाडं पानांनी भरलेली आणि दुपारनंतर ढगांचा गडगडाट. ताडोबाचा गाभा पावसाळ्यात तीन महिने बंद असतो, तिकडची बहुतेक जंगलं मात्र चालूच राहतात. म्हणून जागा निवडताना ऋतू आधी बघायचा, नाव नंतर.

याच कारणाने दोन मोठी नावं मी बाजूला ठेवते. नामिबियातल्या एटोशाची सारी गंमत पाणवठ्यांवर आहे. पाऊस पडला की जागोजागी डबकी साचतात आणि जनावरं पांगतात. बोट्स्वानातल्या ओकावांगो या पाणथळ प्रदेशाचं तर उलटंच: अंगोलाच्या डोंगरांतून येणारा पूर तिथे पोचतो तो हिवाळ्यात, म्हणजे आपल्या मे ते ऑगस्टमध्ये. डिसेंबरात मिळतो तो स्थानिक पाऊस आणि चाकं गिळणारा काळा चिखल. दोन्ही ठिकाणं सुंदरच आहेत, पण त्यांना त्यांच्या दिवसांत भेटावं.

दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर हे पहिल्यांदा जाणाऱ्यांचं जंगल, असं मी बिनधास्त सांगते. सुमारे १९,५०० चौरस किलोमीटरचा पसारा, त्यात डांबरी रस्ते, साधी भाड्याची गाडी पुरते, आणि वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात. जिप्सी, गाइड यांची सक्ती नाही. गाडी तुमची, वेग तुमचा (डांबरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरची मर्यादा), फक्त ठरलेल्या जागा सोडून खाली उतरायचं नाही. तंबू लावायचा तो कुंपणाच्या आत. स्कुकुझा, साटारा, लोअर साबी अशा कॅम्पांवर न्हाणीघरं, गरम पाणी, सामायिक स्वयंपाकघर आणि प्रत्येक जागेपाशी निखाऱ्याची शेगडी असते. स्थानिक लोक तिच्यावर मांस भाजतात आणि त्याला 'ब्राय' म्हणतात. आपण कणसं, वांगी, बटाटे भाजावेत. रात्री कुंपणापलीकडून तरस फिरतो आणि त्याचा चढत जाणारा हुंकार तंबूत पडल्या पडल्या ऐकू येतो. लहान मुलांना जंगलाची पहिली ओळख याहून चांगली होणार नाही.

डिसेंबरात तिथे बिबट्या दिसणं अवघड, हे मान्य करायला हवं. पण त्याच महिन्यात इम्पाला या हरणांची पाडसं जन्मतात, आणि तीही सगळी काही आठवड्यांत, एकदमच. कळपाकळपांत लटपटत्या पायांची शेकडो पिल्लं असतात आणि त्यांच्या मागावर शिकारी. पक्षी तर विचारू नका. नोव्हेंबरात आलेल्या वुडलँड किंगफिशरची टिपेची शीळ दिवसभर चालते. अमूर ससाणेही याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत पोचतात. तेच ससाणे, जे नागालँडहून निघून वाटेत लोणावळ्याच्या माळावर थोडा विसावा घेतात आणि मग अरबी समुद्र ओलांडतात. आपल्याकडून गेलेला पाहुणा तिकडे आकाशात बघणं, या एका गोष्टीसाठीही मी डिसेंबर निवडेन.

अडचण गर्दीची. दक्षिण आफ्रिकेतल्या शाळांना तेव्हा मोठी सुट्टी असते, सिंह दिसला की वीस गाड्या जमतात. दिवसापुरत्या येणाऱ्यांवर संख्येची मर्यादा घालतात, त्यामुळे मुक्काम आतच हवा. आतल्याला आणखी एक फायदा: डिसेंबरात कॅम्पचं फाटक पहाटे साडेचारला उघडतं, बाहेरचं प्रवेशद्वार त्यानंतर तासाभराने. तो तास सोडू नका. संध्याकाळी साडेसहाच्या आत मात्र परत यावंच लागतं.

आणि मलेरिया. क्रूगर मलेरियाच्या पट्ट्यात येतं आणि पावसाळा हा त्याचा जोराचा काळ. निघण्याआधी डॉक्टरांकडून गोळ्या लिहून घ्या, टाळाटाळ नको. मुलं अगदी लहान असतील तर जोहान्सबर्गपासून काही तासांवरचं, मलेरियामुक्त पिलानेसबर्ग बघा.

आता कलहारीचं वाळवंट. बोट्स्वानातलं सेंट्रल कलहारी गेम रिझर्व्ह जवळपास ५२,८०० चौरस किलोमीटरचं आहे, आणि डिसेंबर त्याला मानवतो. पहिल्या पावसानंतर डिसेप्शन व्हॅलीसारख्या जुन्या, कोरड्या नदीपात्रांत आखूड, कसदार गवत उगवतं. त्यावर गेम्सबॉक आणि स्प्रिंगबॉक ही हरणं उतरतात, त्यांच्यामागे चित्ते आणि काळ्या आयाळीचे सिंह. पाऊस लांबला तर मात्र चाळीस अंशांच्या उन्हात फारसं काही दिसत नाही. हा जुगार मंजूर असेल तरच जा. ही भूमी रिकामी नव्हती, हेही जाणून जा: १९६१ साली रिझर्व्ह झालं त्यामागे तिथल्या सान या आदिवासी लोकांच्या शिकारीच्या भूमीचाही विचार होता. पुढे त्यांनाच बाहेर काढण्यात आलं आणि २००६ मध्ये बोट्स्वानाच्या उच्च न्यायालयाने ते बेकायदेशीर ठरवलं.

तंबूची जागा म्हणजे एक चुलाण, एक खड्ड्याचा संडास, बादलीच्या आंघोळीचा आडोसा. कुंपण नाही, नळ नाही, दुकान नाही, पेट्रोल नाही. पाणी, लाकडं, इंधन सगळं बाहेरून न्यायचं. वाळूत टायरची हवा कमी करायची, गवताचं बी रेडिएटरला चिकटतं म्हणून जाळी लावायची आणि गाडीखाली अडकलेलं वाळकं गवत वरचेवर काढायचं, कारण गरम सायलेन्सरने ते पेटू शकतं. दोन गाड्या आणि सॅटेलाइट फोन यांशिवाय मी कुणालाही पाठवणार नाही. दहा वर्षांखालची मुलं बरोबर असतील तर स्पष्ट 'नको' म्हणेन. अंधारात सिंह चुलीजवळून जाऊ शकतो.

पण रात्र! उत्तरेकडे तोंड करून बघा, आपलं मृग नक्षत्र उलटं टांगलेलं दिसतं. अगस्त्य उंच चढलेला, आणि दक्षिणेला मॅगेलनचे दोन धूसर ढग (खरं तर दूरच्या दीर्घिका), जे महाराष्ट्रातून जवळपास दिसतच नाहीत. आसपास काही किलोमीटर एकही दिवा नसतो.

दोन्हींच्या मधलं काही हवं असेल तर क्गालागादी. दक्षिण आफ्रिका आणि बोट्स्वाना यांनी २००० साली एकत्र केलेलं हे उद्यान. कलहारीचीच लाल वाळू आणि तेच सिंह, पण ट्वी रिव्हिएरेन, नोसोब, माटा-माटा या कॅम्पांवर कुंपण, दुकान, इंधन सगळं आहे, आणि मलेरियाची भीती अगदी कमी. ऊन मात्र कडक. दुपारी सावलीत पडून राहायची तयारी हवी.

आपल्याकडच्या शाळांची नाताळची सुट्टी आठ-दहा दिवसांची. तेवढ्यात प्रवास धरून क्रूगर आरामात होतं, क्गालागादी ओढूनताणून. सेंट्रल कलहारीला किमान दोन आठवडे द्या, मुलांची परीक्षा नसेल त्या वर्षी. क्रूगर आणि क्गालागादीचं आरक्षण सुमारे अकरा महिने आधी उघडतं, तेव्हा चोवीस डिसेंबरची रात्र साटाऱ्यात किंवा नोसोबला हवी असेल तर जानेवारी सरायच्या आत जागा धरून ठेवा.