शॉकप उतरवायचाय? आधी स्प्रिंग बघा, मग कॉम्प्रेसर

यवतेश्वरच्या घाटातून कासला रोज वर-खाली करणारी गाडी असली, की एखाद्या पावसाळ्यानंतर पुढून कट-कट आवाज सुरू होतो. साताऱ्यात दिवाळीच्या आसपास हे काम हमखास निघतं. त्यातलं बरंचसं घरी जमतं. चाक काढलं, लिंक रॉड सोडला, नकलचे (चाक ज्यावर बसतं त्या भागाचे) दोन बोल्ट आणि बॉनेटखालचे माउंटचे नट काढले, की अख्खा स्ट्रट, म्हणजे शॉकप आणि त्यावरची स्प्रिंग, हातात येतो. काम त्यापुढे अडतं. स्प्रिंग शॉकपवर दाबून बसवलेली असते आणि ती स्प्रिंग कॉम्प्रेसरने, म्हणजे स्प्रिंग दाबून धरायच्या हत्याराने, आवळून धरल्याशिवाय मधल्या नटाला पाना लावायचा नसतो.

भार किती, ते बघा. गाडी ८५० किलोची धरली आणि त्यातलं ६० टक्के वजन पुढच्या दोन चाकांवर धरलं, तर एका बाजूला अडीचशे किलो येतात. चाक अधांतरी केलं की त्यातलं बरंच उतरतं, पण सगळं नाही. कारण मोकळ्या लांबीपेक्षा स्प्रिंग मुळात आखूड करूनच बसवलेली असते. तो उरलेला जोर नट निघाल्यावर वरचं माउंट उडवायला पुरेसा असतो, आणि ओणवे बसलो असलो तर समोर आपला चेहरा असतो.

कॉम्प्रेसर घेण्याआधी एक खात्री करा. स्विफ्टच्या मागच्या बाजूला स्प्रिंग वेगळी आणि शॉकप वेगळा. तिथे ॲक्सल जॅकवर तोलून शॉकपचे खालचे बोल्ट काढायचे, ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना एवढं बघत ॲक्सल हळूहळू उतरवायचा. स्प्रिंग हातानेच निघते, कॉम्प्रेसर लागत नाही. ओम्नीच्या मागे तर पाटेच आहेत. मारुती ८००, अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट यांच्या पुढच्या बाजूला मात्र मॅकफर्सन स्ट्रट आहे. हे पुढचं सगळं त्यासाठी.

सर्वांत स्वस्त कॉम्प्रेसर म्हणजे आकड्यांची (हुकांची) जोडी. आट्यांचे दोन रॉड आणि प्रत्येकावर वर-खाली दोन-दोन आकडे. ऑनलाइन साधारण दोन हजारांच्या आत मिळते, म्हणून घरी काम करणारे बहुतेक जण हीच घेतात. मीही घेतली होती. पहिल्याच वेळी घाई केली आणि गोटी (सॉकेट) लावून इम्पॅक्ट गनने आवळत गेलो. आट्यांना ग्रीसही लावलेलं नव्हतं. एक बाजू झपाट्याने आवळली गेली, दुसरी मागे राहिली, स्प्रिंग केळ्यासारखी वाकली आणि खालचा आकडा वेटोळ्यावरून बोटभर सरकला. ‘टक्’ एवढाच आवाज झाला. मी आणि पाना धरून उभा असलेला माझा मेहुणा, दोघंही काही न बोलता चार पावलं मागे गेलो. मग स्ट्रटवर गोणपाट टाकून, लांबून हात घालत, क्वार्टर-क्वार्टर फेऱ्याने ते सोडवलं. त्यात अर्धा तास गेला.

त्यात चूक माझी होतीच, थोडी हत्याराचीही होती. आकड्यांना अडकवायची पिन नव्हती आणि पोलाद मऊ होतं. दोन-तीन वापरांत आटे खाल्ले गेले. म्हणून जोडीच घ्यायची असेल तर आकड्याला सेफ्टी पिन आहे का आणि रॉड जाड आहे का, हे हातात घेऊन बघा. लावताना दोन्ही रॉड बरोबर समोरासमोर ठेवा आणि आकड्यांच्या मध्ये जमतील तेवढी जास्त वेटोळी घ्या. हाताच्या रॅचेटने इकडे दोन फेरे, तिकडे दोन फेरे. स्प्रिंग बुडाच्या बशीतून सैल होऊन हाताने हलली की थांबा, त्यापुढे दाबायची गरज नसते. शॉकपचा रॉड नटाबरोबर फिरू लागला तर तो एलन कीने धरायचा आणि नट वाकड्या रिंग पान्याने काढायचा. स्ट्रटच्या टोकासमोर कोणी उभं राहायचं नाही, चहा द्यायला आलेला माणूससुद्धा.

जोडीला एक मोठी मर्यादा आहे: स्प्रिंगचा आकार. सरळ नळीसारखी असेल तर आकडे नीट बसतात. टोकाला निमुळती होत गेलेली किंवा पोटात फुगीर असेल तर तिरक्या वेटोळ्यावर आकडा घसरू बघतो. अशा स्प्रिंगसाठी ही जोडी घेऊ नका, पैसे वाचत असले तरी.

दुसरा प्रकार एकाच स्क्रूचा आणि दोन जबड्यांचा. प्रत्येक जबडा वेटोळ्याला दोन ठिकाणी धरतो. फिरवायचा स्क्रू एकच असल्याने एक बाजू पुढे, एक मागे ही भानगड नाही. जबड्याला प्लास्टिकचं अस्तर असेल तर स्प्रिंगचा रंगही खरवडत नाही. आपल्याकडच्या पावसात हे किरकोळ नाही. ओरखडा पडतो तिथूनच गंज धरतो आणि वेटोळं पुढे तिथेच तुटू शकतं. किंमत जोडीपेक्षा बरीच जास्त, पण घरात दोन-तीन गाड्या असतील आणि हात चालत असेल तर मी हेच घेईन.

भिंतीवर किंवा उभ्या स्टँडवर बसवलेलं मशीन सर्वांत भक्कम. ते गॅरेजवाल्यानेच घ्यावं. ज्याच्याकडे आठवड्याला चार-पाच स्ट्रट येतात त्यालाच ते परवडतं.

पण त्याचा फायदा तुम्हालाही घेता येतो, आणि हा मार्ग लोक विसरतात. स्ट्रट घरी उतरवा, नवीन शॉकप, माउंट आणि बंप स्टॉप (शॉकपच्या रॉडवरचा रबर) पिशवीत घाला आणि असं मशीन असलेल्या गॅरेजला घेऊन जा. तिथे फक्त स्प्रिंग जुन्या शॉकपवरून नव्यावर चढवून घ्यायची, तेवढीच मजुरी. आयुष्यात एकदाच हे काम करणाऱ्याने कुठलाही कॉम्प्रेसर विकत घेऊ नये, असं माझं मत आहे. निमुळती स्प्रिंग असेल तर आग्रहच आहे. फक्त रविवारी सकाळी स्ट्रट उतरवू नका. गॅरेज बंद निघालं तर गाडी घोडीवर (स्टँडवर) आणि तुम्ही सोमवारी ऑफिसला एसटीने.

जोडताना स्प्रिंगचं टोक बशीतल्या खाचेला टेकलंय हे बघूनच कॉम्प्रेसर सोडा, आणि त्याआधी मधला नट पूर्ण आवळलेला हवा. नकलचे बोल्ट काढण्यापूर्वी त्यांच्या जागेवर खडूऐवजी पंचने खूण करा, खडू पुसला जातो. शॉकप दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. आणि खूण कितीही बरोबर जुळली तरी पुढच्या घाटाआधी अलाइनमेंट करून घ्या.