डिलक्स रिव्हर्बमध्ये ६व्ही६ काढून ६एल६ : आठ महिन्यांनंतर

गेल्या ऑगस्टमध्ये गणपतीच्या कार्यक्रमांची तालीम चालू होती. रात्री साडेदहाच्या सुमारास माझ्या गिटार अॅम्पच्या मागे लाल उजेड दिसला. एका पॉवर ट्यूबची (स्पीकरला ताकद देणारा काचेचा व्हॉल्व्ह) प्लेट, म्हणजे आतला धातूचा पत्रा, निखाऱ्यासारखी पेटली होती. स्टँडबायच्या स्विचच्या नादी न लागता मी सरळ प्लग उपटला. ट्यूब गेली, बाकी सगळं वाचलं. ट्यूबचा प्रकारच बदलायचा विचार तिथून सुरू झाला.

अॅम्प फेंडरचा ६५ डिलक्स रिव्हर्ब, साठच्या दशकातल्या एबी७६३ सर्किटवर बेतलेला. २२ वॅट, एक १२ इंची स्पीकर, दोन ६व्ही६ पॉवर ट्यूब, वीज एकाच दिशेने वाहती करणारा रेक्टिफायरही ट्यूबचाच, जीझेड३४. माझे मेहुणे न्यू जर्सीहून घेऊन आले, त्यामुळे तो १२० व्होल्टचा. पुण्यात स्टेपडाउनवर (व्होल्ट कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) चालतो, आणि माझ्या मते लाल प्लेटचं मूळ तिथेच आहे. आमच्याकडे रात्री लोड कमी झाला की सॉकेटला २४६ व्होल्ट दिसतात. २३० ला १२० देणारा स्टेपडाउन २४६ ला १२८ देतो. त्याबरोबर प्लेटचा ४१५ व्होल्टचा दाब ४४० च्या पुढे जातो. ६व्ही६जीटीच्या जुन्या तक्त्यात प्लेटची मर्यादा ३५० व्होल्ट आहे. फेंडरने ती ट्यूब पहिल्यापासूनच तिच्या ऐपतीबाहेर राबवली, आणि त्यात आपली रात्रीची वीज.

मी वाद्यवृंदात वाजवतो. मराठी-हिंदी गाण्यांच्या सुट्या सुरांच्या पट्ट्या, रिव्हर्ब, जोडीला ड्रम आणि ऑक्टोपॅड. मला स्वच्छ आवाज लागतो. ६व्ही६ वर व्हॉल्यूम ५ च्या आसपास पोहोचला की आवाज फाटायला लागायचा. ब्लूजसाठी तो फाटका आवाज सोन्यासारखा आहे, पण लताबाईंच्या गाण्यामागे कॉर्ड वाजवताना नको वाटतो.

म्हणून मोठी पॉवर ट्यूब ६एल६जीसी निवडली. तिचा सॉकेट तोच, आठ पायांचा, आणि पायांची जोडणीही तीच. (ईएल३४ या आणखी एका पॉवर ट्यूबचं तसं नाही. तिच्या १ नंबरच्या पायावर सप्रेसर ग्रिड असते आणि तो पाय ८ नंबरच्या कॅथोडला जोडलेला असावा लागतो. सॉकेटमध्ये बसली म्हणजे चालली असं समजू नका.) ६एल६जीसीची प्लेट ५०० व्होल्ट सोसते आणि ३० वॅट उष्णता पचवते, ६व्ही६ जेमतेम १२ ते १४. म्हणजे माझ्या दाबाला ती आरामात पुरते.

अडचण दुसरीकडे आहे. दोन ६व्ही६ चे हीटर (ट्यूब आतून तापवणाऱ्या तारा) मिळून ०.९ अँपिअर घेतात, दोन ६एल६ चे १.८. पुढच्या सहा छोट्या ट्यूबचे आणखी १.८. एकूण हीटरचा भार २.७ वरून ३.६ वर गेला, आणि तो सगळा त्याच पॉवर ट्रान्सफॉर्मरवर. शिवाय माझा ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झच्या हिशेबाने बांधलेला. ५० हर्ट्झवर त्याच व्होल्टला गाभ्यातलं चुंबकत्व वीस टक्क्यांनी चढतं. पूर्वी तासभर वाजवून त्यावर हात ठेवला तर दहा अंक मोजता यायचे. ६एल६ लावल्यावर पहिल्या आठवड्यात तिसऱ्या अंकाला हात उचलावा लागला.

बसवण्याचं काम मी स्वतः केलं नाही. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चारशेच्या वर व्होल्ट राहू शकतात. शुक्रवार पेठेत एक काका आहेत, त्यांचं आयुष्य व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्यात गेलं. त्यांनी दोन्ही कॅथोडला (ज्या पायातून ट्यूबचा करंट जातो) एकेक ओहमचे रेझिस्टर लावले. त्यावर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. ६व्ही६ च्याच बायसवर (ट्यूबमधून किती करंट वाहावा हे ठरवणारा दाब) ६एल६ लावून अॅम्प चालू केला तर काटा ५७ वर! बायसचं पॉट शेवटपर्यंत फिरवूनही ४० च्या खाली येईना. मग काकांनी पॉटमागचा अर्थकडे जाणारा रेझिस्टर थोडा मोठा घातला, तेव्हा प्रत्येकी ३२ वर स्थिर झाला. ‘मर्यादेच्या सत्तर टक्के’ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या नियमाने ५० चालले असते, पण तो हिशेब ट्यूबचा आहे, ट्रान्सफॉर्मरचा नाही. काका म्हणाले, “ट्यूब नवी मिळेल हो, हा गठ्ठा कुठून आणणार तुम्ही?” मला ते पटलं.

नंतर स्टेपडाउनच्या आधी व्हेरिअॅक (व्होल्ट हवे तसे कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) आणला. आता अॅम्पला ११५ च्या वर जाऊ देत नाही. हीटर ६.३ ऐवजी ६ व्होल्टवर चालतात, ते चालतं. ट्रान्सफॉर्मर पुन्हा हात ठेवण्याजोगा झाला. परदेशातून १२० व्होल्टचा अॅम्प आणलेल्या प्रत्येकाला मी कळकळीने सांगेन, ट्यूब बदला किंवा बदलू नका, पण आधी व्हेरिअॅक घ्या.

आता आवाज. मोठा होतो का? जवळपास नाही. २२ चे ३० वॅट झाले असं धरलं तरी फरक सव्वा-दीड डेसिबलचा, तो कानाला फार जाणवत नाही. फरक पडतो तो खालच्या दोन तारांत. ६व्ही६ वर व्हॉल्यूम चढवला की सहावी तार मऊ पडायची, सूर थोडा बसून मग उठायचा. ६एल६ वर तो ठोकल्यासारखा लागतो आणि जागेवर राहतो. फाटणं ५ वरून साडेसहापर्यंत पुढे गेलं. मला रंगमंचावर हवी होती तेवढी जागा त्यात मिळाली. वरच्या पट्टीला किंचित धार आली, म्हणून ट्रेबल एक घर खाली घेतो. रिव्हर्ब तसाच आहे, कारण तो चालवणारी १२एटी७ ही छोटी ट्यूब वेगळीच.

एक गोष्ट डिसेंबरमध्ये कळली आणि मला फार आवडली. या अॅम्पचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर ८ ओहमच्या स्पीकरला सुमारे ६६०० ओहमचा भार दाखवतो. तो ६व्ही६ साठीचा आहे, ६एल६ च्या जोडीला साधारण ४००० बरे. मागच्या जॅकला ८ ओहमचा दुसरा कॅबिनेट लावला की एकूण ४ ओहम होतात आणि ट्यूबला ३३०० च्या आसपास दिसतात. ६व्ही६ ना हे जड जातं. ६एल६ तिथे मोकळ्या होतात. दोन स्पीकरवर वाजवलेला तो पहिला ‘ई’ कॉर्ड मी विसरणार नाही.

गमावलं काय, तेही सांगतो. घरी, दार लावून, व्हॉल्यूम ४ वर आधी जो गोड किरकिराट मिळायचा, तो गेला. बोट हलकं टाकलं की स्वच्छ, जोरात टाकलं की गुरगुर, हे ६व्ही६ चं खास देणं आहे. ६एल६ तिथे कोरडी वाटते. पेडल लावून जवळ जाता येतं, पण ते तसं नाही. तुमचं वाजवणं मुख्यतः घरात किंवा छोट्या खोलीत असेल, तर हा बदल करू नका. चांगली ६व्ही६ ची जोडी घ्या, बायस थोडा थंड ठेवा, वीज आवरा. तेवढ्यात काम होतं.

मधूनमधून दोन्ही आलटून पालटून लावायचा विचार केला होता, तो सोडला. दर वेळी बायस नव्याने लावावा लागतो. विसरून ६एल६ च्या बायसवर ६व्ही६ लावल्या तर त्या थंड पडून आवाज चिरका होतो. उलट चूक केली तर तेच ५७.

गेल्या रविवारी काकांकडे पुन्हा मोजून आणलं. एक ३१, दुसरी ३३, प्लेटवर ४०२ व्होल्ट. उरलेली ६व्ही६ तिच्या खोक्यात ठेवून वर चिठ्ठी चिकटवली आहे : ‘आधी रेझिस्टर परत जुना लावणे.’