टिक्झ: वर्षभर वापरून

मागच्या वर्षी दहावीच्या सराव परीक्षेत माझं वर्तुळ अंड्यासारखं छापून आलं. वर्डमध्ये मी ते बरं काढलं होतं, पण पेपर लावणाऱ्याने दोन कॉलममध्ये बसवताना दोन्ही बाजूंनी दाबलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने अगदी साळसूदपणे विचारलं, "मॅडम, अंड्याला स्पर्शिका काढायची का?" त्या मे महिन्याच्या सुट्टीत मी टिक्झ शिकायला घेतलं.

लाटेकमध्ये गणिताचे पेपर टाइप करणाऱ्यांना हे नाव ठाऊक असेलच. इतरांसाठी सांगते: लाटेक म्हणजे साध्या मजकुरात आज्ञा लिहून छापायची पानं मांडणारं सॉफ्टवेअर, आणि टिक्झ म्हणजे त्याच फाइलमध्ये आकृतीही शब्दांत लिहायची, माउसने ओढाओढ नाही. जर्मनीच्या टिल टांटाऊंनी हे बनवलं आणि ते फुकट आहे. नाव म्हणजे एका जर्मन वाक्याचा संक्षेप, अर्थ असा की 'टिक्झ हा चित्रं काढायचा प्रोग्राम नाही'. पहिल्या आठवड्यात मला हे वाक्य शब्दशः खरं वाटत होतं.

आता दहावीतली नेहमीची रचना घ्या. ३ सेमी त्रिज्येचं वर्तुळ, केंद्र ओ, केंद्रापासून ७ सेमीवर बिंदू पी, तिथून दोन स्पर्शिका. फळ्यापाशी आपण काय बोलतो? ओपी जोडा, लंबदुभाजक काढून मध्यबिंदू एम घ्या, एम केंद्र धरून एमओ त्रिज्येचं वर्तुळ काढा, ते पहिल्या वर्तुळाला ए आणि बीमध्ये छेदतं, पीए आणि पीबी जोडा. टिक्झमध्ये हेच, याच क्रमाने लिहायचं. ओ आणि पी यांच्या मध्ये दोन उद्गारचिन्हं आणि त्यांच्या आत ०.५ लिहिलं की एम मिळतो. दोन्ही वर्तुळांना नावं दिली की छेदनबिंदू तेच शोधून देतं. छापलेल्या कागदावर पट्टी ठेवली तर पीए ६.३ सेमी भरते. ४९ वजा ९, चाळीसचं वर्गमूळ, बरोबर तेवढंच. वर्डमध्ये माझा सगळा अंदाजपंचे कारभार होता. झूम केलं की स्पर्शिका हळूच छेदिका झालेली दिसायची.

खरी मजा दुसऱ्या संचाच्या वेळी आली. शेजारच्या मुलाचं बघून लिहू नये म्हणून मी पेपरचे दोन संच काढते. फाइलमध्ये ३ च्या जागी २.८ आणि ७ च्या जागी ६.५ घातलं, बास. एम सरकला, ए आणि बी आपापल्या जागी गेले, काटकोनाच्या खुणासुद्धा फिरल्या. पूर्वी या कामात माझा अख्खा रविवार जायचा.

आता तक्रारी. प्रत्येक आज्ञेच्या शेवटी अर्धविराम लागतो. तो राहिला तर टिक्झ म्हणतं, हा मार्ग मी सोडून देतोय, अर्धविराम विसरलात का? सौजन्य आहे, पण चूक भलतीकडेच असली तरी कधीकधी हाच प्रश्न येतो. एकदा रात्री साडेअकरापर्यंत मी अर्धविराम शोधत बसले होते आणि निघालं काय, तर एका बिंदूच्या नावाचं स्पेलिंग. छेदनबिंदूंपैकी पहिला कुठला आणि दुसरा कुठला, याचाही भरवसा नाही. दोन वर्तुळांची नावं मी उलट क्रमाने लिहिली, तर पेपरात ए वर आणि उत्तरपत्रिकेत ए खाली! क्रम ठरवून द्यायची सोय आहे, पण ती आहे हे आधी कळायला हवं.

मराठी मजकुराचं वेगळंच. आकृतीत 'स्पर्शिका' लिहायचं तर झीलाटेक (लाटेकचाच एक प्रकार, ज्यात संगणकातले देवनागरी फॉन्ट चालतात) वापरा आणि फॉन्टला लिपी देवनागरी आहे हे स्पष्ट सांगा. मी ते विसरले तेव्हा जोडाक्षरं सुटली, पाय मोडलेले स आणि र रांगेत उभे राहिले आणि वेलांटी 'श' सोडून 'का'च्या अंगावर गेली. एक ओळ घातली की सगळं ताळ्यावर येतं. शिवाय नेहमीची रेघ ०.४ पॉइंटची असते, झेरॉक्समध्ये ती जवळपास पुसली जाते. मी सरसकट 'थिक' वापरते, म्हणजे ०.८.

विज्ञानाच्या सरांनाही मी नादी लावलं. विद्युत परिपथासाठी टिक्झवरच बेतलेलं सर्किटिक्झ आहे, त्यात रोधक, घट आणि कळ नावाने मागवता येतात. भिंगाची किरणाकृतीही छान येते. मग सरांनी हृदयाची आकृती मागितली. दोन तास वळणं देऊन जे तयार झालं ते बटाट्याच्या जवळचं होतं. अशा आकृत्या हाताने काढा आणि स्कॅन करा, उगाच हट्ट करू नका.

माहितीपुस्तिका १,३०० पानांच्या वर आहे, घाबरू नका. पहिला पाठ शाळेतल्या कार्ल नावाच्या गणित आणि रसायनशास्त्राच्या शिक्षकाचा आहे, त्याला वर्गासाठी साइन-कोसाइनची आकृती हवी असते. तो आणि तिसरा, युक्लिडच्या समभुज त्रिकोणाचा पाठ, एवढ्या दोनांवर माझं पहिलं सत्र निघालं. वर्षाला दोन-तीनच आकृत्या लागत असतील तर मात्र माउसने भूमितीच्या आकृत्या काढायचं जिओजेब्रा पुरे, एवढा खटाटोप करू नका. माझ्या चाळीसेक होतात.

एक गोष्ट मात्र टिक्झच्या हातात नाही. त्यात ३ लिहिलं की कागदावर ३ सेमीच येतात, म्हणून मी आकृती मोजून उत्तर लिहायचा प्रश्न घातला. झेरॉक्सवाल्याने सवयीने 'पानात बसवा' ठेवलं आणि ७ चे ६.७ झाले. वर्गात अर्ध्या मुलांचे हात वर. तेव्हापासून प्रत्येक पेपरच्या तळाशी मी ५ सेमीची एक बारीक रेघ काढते. आता पहिली प्रत बाहेर आली की तो स्वतःच पट्टी मागतो.